इमारतीत सर्वत्र आढळलेली गाडी

ती जुनी पिकअप मला विकण्यात साडूभाऊंचा काय फायदा होता, हे मला पहिल्या भेटीतच कळलं होतं. त्यांच्या दारासमोरची जागा मोकळी होणार होती. गाडीखाली बिऱ्हाड करून राहिलेल्या मांजरीला आणि तिच्या दरवर्षी वाढणाऱ्या संसाराला परस्पर नोटीस मिळणार होती. शिवाय कुठल्याही भांडणात "आधी ते धूड हलवा, मग मला शिकवा" हे जे वाक्य माझी मेहुणी हुकमाच्या पानासारखं टाकायची, ते तिच्या हातून कायमचं जाणार होतं. एवढा फायदा ज्याला दिसतोय असा माणूस जेव्हा म्हणतो, "घरातल्या माणसाला द्यायची म्हणून देतोय, नाहीतर बाहेर गिऱ्हाइकांची रांग आहे," तेव्हा ती रांग कुठे आहे असं विचारायचं असतं. मी विचारलं नाही. माझाही फायदा होता, आणि ज्याला स्वतःचा फायदा दिसत असतो तो दुसऱ्याचा मोजत बसत नाही. ते काम तो नंतर सवडीनं करतो.

मांजर मात्र गाडीबरोबर आली नाही. ती गाडीला जास्त ओळखत होती.

माझा फायदा असा. माझी बायको गच्चीवर रोपं वाढवते. डबे, फुटक्या बादल्या, झाकण हरवलेला कुकर, माझा एक बूट (दुसरा शाबूत असताना), जे हाताला लागेल त्यात ती काहीतरी लावते आणि ते उगवतं. आजवर ही रोपं लोक फुकट नेत. नेताना "तुमच्या हाताला गुण आहे हो" म्हणत आणि कुंडी परत करत नसत. पण शहराबाहेर नवीन रुग्णालय उभं राहत होतं आणि तिथल्या बागेसाठी त्यांनी तिच्याकडे रोपं मागितली. विकत. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या रोपांची कुणी किंमत विचारली होती. अट एकच: उद्घाटनाच्या आत माल स्वतःच्या गाडीनं पोचवायचा, आणि गाडीला वाहन कार्यालयाचा 'चालण्यास योग्य' असा दाखला हवा. नाहीतर काम एका मोठ्या रोपवाटिकेला जाणार होतं.

"गाडीचं माझ्यावर सोड," मी म्हणालो.

 बायकोनं फक्त माळ्याकडे पाहिलं. लग्नापासून ज्या ज्या वस्तूंबद्दल मी हे वाक्य उच्चारलंय, त्या सगळ्या माळ्यावर आहेत.

गाडी इमारतीच्या आवारात आली ती ढकलत. तिचा रंग कोणता हे सांगणं कठीण होतं. तिच्यावर एकेकाळी तीन-चार रंगांनी सत्ता गाजवली होती आणि जाताना प्रत्येकानं थोडी थोडी वसाहत मागे ठेवली होती. आवारात अशी वस्तू आली की माणसं खाली उतरतात. मी नोकरीला लागलो तेव्हा कुणी उतरलं नव्हतं. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हाही नाही. पण गाडीला बघायला एरवी दारं न उघडणारेसुद्धा आले, आणि ज्यांच्या घरात सायकलही नव्हती त्यांच्याकडे सर्वात जास्त सल्ले होते.

"इंजिन काढून दुसरं घाला."

"इंजिन राहू द्या, बाकीचं बदला."

"माझ्या आतेभावानं अशीच घेतली होती."

"मग?"

"मग काही नाही. आता बरा आहे."

मी मिस्त्री बोलावला. हा मिस्त्री गाडीभोवती फिरत नाही, गाडीला आपल्याभोवती फिरवतो अशी त्याची ख्याती होती. त्यानं बॉनेटवर कान ठेवला, एक टिचकी मारली आणि म्हणाला, "साहेब, गाडी सोनं आहे. फक्त एकदा खोलून बघू."

खोलून बघू या शब्दांत माणूस किती खोल जाऊ शकतो याची मला कल्पना नव्हती. सकाळी त्यानं आमची पलंगावरची चादर मागितली आणि ती आवारात अंथरली. दुपारपर्यंत चाकांवरचा सांगाडा तेवढा जागेवर उरला आणि बाकी गाडी चादरीवर आली. सीट, दारं, हॉर्न, कार्बोरेटर, नळ्या, स्प्रिंगा, आणि मिस्त्रीलाही ओळखू न आलेल्या काही वस्तू. त्या त्यानं आदरानं बाजूला ठेवल्या. मग त्याला फोन आला.

"साहेब, मेव्हण्यानं घर बांधायला काढलंय. जरा जाऊन येतो."

"किती दिवस?"

"पाया खणून झालाय," असं आशादायक उत्तर देऊन तो गेला.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. तळमजल्यावर राहतात, नियम तोंडपाठ आहेत आणि नियमापलीकडे बोलायची वेळ आली तर खोकतात.

"आवारात वाहन ठेवता येतं," ते म्हणाले. "सुटे भाग ठेवता येत नाहीत. सुटे भाग म्हणजे भंगार."

"अहो, पण हे सगळे भाग मिळून वाहनच आहे ना?"

"मिळून असतील तेव्हा." सेक्रेटरी खोकले. "सांगाड्याला चाकं आहेत, तो राहू दे. चादर उद्या सकाळी उचलायची."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसानं भाग पोत्यात भरून आपल्याच घरात आणले असते. पण आमच्या इमारतीत दया फार. एखाद्याची फजिती झाली की सगळे मदतीला येतात, आणि मदत नाकारली तर वर्षभर जिन्यात बोलत नाहीत. "अहो, तुमच्या दोन खोल्यांत कुठे ठेवणार? आणा इकडे. ठेवतो म्हणजे नुसतं ठेवत नाही, नीट करूनच देतो." असं म्हणत माझ्या डोळ्यांदेखत गाडी जिना चढून गेली.

सीट गेली खुद्द सेक्रेटरींकडे. चालक आणि शेजारी मिळून बसतात तशी ती एकच लांब सीट. त्यांच्या वडिलांना, म्हणजे आजोबांना, तेवढ्यापुरती टेकायला म्हणून. हॉर्न नेला पहिल्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी. त्यांनी तो एकदाच वाजवून पाहिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "इतका बेसूर! बिचारा. द्या माझ्याकडे." कार्बोरेटर गेला दुसऱ्या मजल्यावर, बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजरसाहेबांकडे. निवृत्तीनंतर साफ करण्यासारखं काही उरलं नसल्यानं त्यांनी तो दोन्ही हातांनी, बाळ घ्यावं तसा घेतला. आणि दारं गेली तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांकडे. वडिलांच्या कपाटावरून त्यांचं बोलणं बंद होतं. थोरल्यानं उजवं दार उचललं हे पाहताच धाकट्यानं डावं उचललं. यात गाडीबद्दल प्रेम नव्हतं. नुसती वाटणी होती.

चादर बायकोनं झाडून परत घेतली. तिच्यावर काळं तेल होतं ते अजून आहे.

दिवस गेले. मिस्त्रीच्या मेव्हण्याच्या भिंती उभ्या राहिल्या असाव्यात. मी दाखल्यासाठी वाहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पाहिला. "गाडी घेऊन या."

"ती हलत नाही."

"मग दाखला मिळणार नाही."

"दाखला मिळाल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही ना?"

"नाही."

"म्हणजे दाखल्यासाठी आणायची, आणि आणण्यासाठी दाखला हवा."

कारकून प्रसन्न हसला. बहुधा नियम इतक्या लवकर समजणारा माझ्यासारखा माणूस त्याला क्वचित भेटत असावा. त्यानं सांगितलं, की जे वाहन जागेवरून हलू शकत नाही त्याची तपासणी जागेवर जाऊन करण्याची सोय आहे. आजवर कुणी मागितली नाही. मी मागितली. उद्घाटन पुढच्या आठवड्यावर आलं होतं, आणि गच्चीवरची रोपं अशी वाढली होती की कपडे वाळत घालणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारून शोधत होत्या.

तपासनीस आले ते हातात अर्ज घेऊन. सडपातळ गृहस्थ. बूट स्वच्छ. आयुष्यात एकाही गोष्टीचं आश्चर्य न वाटलेला चेहरा. त्यांनी आवारातला सांगाडा पाहिला.

"वाहन कुठे आहे?"

"हे थोडं इथे आहे," मी म्हणालो. "बाकीचं वर आहे."

त्यांनी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि जिन्याकडे वळले. नियमात जागेवर जाऊन तपासावं असं होतं. जागा एकच असावी असं नव्हतं.

तळमजल्यावर आजोबा सीटवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. गेली कित्येक वर्षं पाठदुखीनं वाकलेले आजोबा त्या सीटवर काठीसारखे सरळ बसले होते, आणि सरळ बसल्यामुळे त्यांना घरातलं सगळं दिसायला लागलं होतं. कोण कधी येतं, कोण किती साखर घालतं, सगळं. सेक्रेटरींची तब्येत तेव्हापासून जरा उतरली होती.

"आजोबा, जरा उठता का? सीट तपासायची आहे," मी म्हणालो.

"माझ्यासकट तपास," आजोबा म्हणाले. "मी उठणार नाही. उठलो की परत वाकतो."

तपासनीसांनी सीट आजोबांसकट दाबून पाहिली आणि लिहिलं, 'सीट मजबूत.'

पहिल्या मजल्यावर बाईंनी हॉर्न वाजवून दाखवला. खरं सांगतो, तो हॉर्न राहिलाच नव्हता. असा गोड, लांबलचक, शेवटी किंचित थरथरणारा सूर निघाला की खालून भाजीवाला हातगाडी सोडून जिना चढून आला.

तपासनीसांनी मिटलेले डोळे उघडले. "हॉर्न ऐकून माणूस बाजूला व्हायला पाहिजे. हा ऐकून माणूस जवळ येतोय."

"मग मी त्याच्या पाठोपाठ ओरडते ना," बाई म्हणाल्या, आणि "सरकाऽ!" अशी हाक दिली. भाजीवाला पायऱ्यांवरून उलटा खाली गेला. तपासनीसांनी लिहिलं, 'हॉर्न योग्य. सोबत बाई आवश्यक.'

मॅनेजरसाहेबांनी कार्बोरेटर काचेच्या कपाटात, नातवाच्या बक्षिसांच्या वरच्या फळीवर ठेवला होता. तो चांदीचा वाटत होता. खाली कापडी रुमाल होता.

"हा गाडीला लावणार ना?" तपासनीसांनी विचारलं.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला. "लावणार म्हणजे... यातून पेट्रोल जाणार?"

"त्याशिवाय कसं?"

"परत मळणार तो," मॅनेजरसाहेब म्हणाले. बँकेत असताना त्यांनी कर्ज नाकारलेल्या लोकांचे चेहरे कसे झाले असतील, ते मला त्या दिवशी त्यांच्याच चेहऱ्यावर दिसलं.

तिसऱ्या मजल्यावर दोन्ही दारं तयार होती. थोरल्यानं आपलं निळं रंगवलं होतं, धाकट्यानं मुद्दाम पिवळं. दोन्ही उत्तम होती. अडचण एवढीच होती, की थोरला म्हणत होता, "आधी त्याला द्यायला सांगा." धाकटा म्हणत होता, "आधी तो देऊ दे. कपाटाच्या वेळी मीच आधी सोडलं होतं." हे दोघेही एकमेकांशी बोलत नसल्यामुळे मला सांगत होते, आणि मी दोन दारांच्या मधे दाराच्या कडीसारखा एकदा इकडे, एकदा तिकडे होत होतो.

तपासनीसांनी खाली येऊन अर्ज पूर्ण केला. 'वाहन कोठे आढळले' या रकान्यात एकच ओळ होती. त्यांनी विचार करून लिहिलं, 'इमारतीत सर्वत्र.'

"मग मिळाला ना दाखला?" मी विचारलं.

"सगळे भाग योग्य आहेत. पण वाहन आवारातून फाटकापर्यंत आपल्या बळावर चालून दाखवायला हवं. उद्या सकाळी येतो."

उद्घाटन परवावर होतं.

घरी आलो. बायको रोपांच्या मुळांभोवती ओली गोणपाटं गुंडाळत होती. मी परिस्थिती सांगितली. एरवी ती मला टोमणा मारते आणि माझं मन हलकं होतं. त्या दिवशी तिनं मारला नाही.

"लोक देत नाहीयेत का?" तिनं विचारलं.

"भाग द्यायला तयार नाहीत."

"मग भागाबरोबर त्यांनाच बोलवा."

मिस्त्री त्याच संध्याकाळी उगवला. मेव्हण्याचं छत पडलं होतं. घातलं होतं की कोसळलं होतं ते मी विचारलं नाही. सकाळी तो आवारात उभा राहून हाका मारू लागला, आणि गाडी जिना उतरून यायला लागली. प्रथम सीट आली. आजोबा तिच्यावर होते. सेक्रेटरी आणि तिघं जण ती उचलून आणत होते, आणि "डावीकडून घ्या, भिंतीला लागेल," हे आजोबा वरून सांगत होते. मिस्त्रीनं सीट आजोबांसकट सांगाड्यावर कसली. मॅनेजरसाहेबांनी कार्बोरेटर दिला, पण नजर काढली नाही. बॉनेट लावलं तर तो दिसणार नाही म्हणून बॉनेट लावू देईनात. शेवटी ते स्वतः रुमाल घेऊन इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर बसले. भावांनी दारं आणली, पण कसू देईनात. एकदा गाडीला कसलं की ते सामाईक झालं, यावर दोघांचंही, न बोलता, एकमत होतं. म्हणून थोरला उजव्या पायरीवर निळं दार धरून उभा राहिला, धाकटा डाव्या पायरीवर पिवळं. बाई मागच्या हौद्यात हॉर्न मांडीवर घेऊन बसल्या.

चालवायची मी. "गाडीचं माझ्यावर सोड" असं म्हटलं होतं ना.

मी आजोबांच्या शेजारी बसलो. समोर रस्त्याऐवजी मॅनेजरसाहेबांची पाठ होती.

"लायसन आहे ना तुझ्याकडे?" आजोबांनी विचारलं.

"आहे."

"मग घाम कसला येतोय?"

मी चावी फिरवली. गाडी खोकली. (सेक्रेटरींनी सवयीनं उत्तर दिलं.) मग गुरगुरली, शहारली आणि चालायला लागली. थोरला ओरडला, "खांब!" मॅनेजरसाहेब ओरडले, "जपून, थेंब उडाला!" हॉर्न गायला, बाई "सरकाऽ!" म्हणाल्या, आणि आम्ही फाटकाशी थांबलो. टाळ्या झाल्या. गच्चीवरून बायकोनं हात हलवला तो मला दिसला. खरं तर तेवढंच दिसलं.

तपासनीसांनी गाडीभोवती सावकाश फेरी मारली, बराच वेळ लिहिलं आणि दाखला माझ्या हातात ठेवला. मी वाचला. चालण्यास योग्य. त्याखाली बारीक अक्षरात गाडीची स्थिती: सीट, वृद्ध गृहस्थासह. दारे दोन, प्रत्येकी एक भाऊ. इंजिन, देखरेखीखाली. हॉर्न, बाईसह. आणि सगळ्यात शेवटी, 'चालक एक, घाबरलेला. तपासणीच्या वेळच्या स्थितीत कोणताही बदल केल्यास दाखला रद्द.'

"अहो, पण ही माणसं आहेत!" मी म्हणालो.

"मी जे पाहिलं त्याला दाखला दिला. जे पाहिलं नाही त्याला कसा देणार?"

"आणि हे घाबरलेला?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चूक आहे का?"

चूक नव्हती. त्यांनी बूट पुसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपं हौद्यात भरली. बाईंना त्यांच्या मधे बसवलं. त्यांचा आवाज पानांतून येत होता. सगळे आपापल्या जागी गेले. शेवटी बायको आपली सर्वात उंच, सर्वात लाडकी कुंडी घेऊन खाली आली आणि थांबली. तिच्यासाठी जागा नव्हती. दाखल्यातही नव्हती.

"अगं, बस कुठेतरी," मी म्हणालो.

"कोणताही बदल केल्यास रद्द," सेक्रेटरी म्हणाले आणि खोकले.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "आणि घाबरायचं विसरू नका."

त्याची आठवण करायची गरज पडली नाही. वाटेत काय झालं ते सगळं सांगत नाही. जे सांगतो तेही आजोबा वेगळं सांगतात. गोड हॉर्नमुळे लोक जवळ येत होते, आणि बाईंमुळे पळत होते, त्यामुळे आमच्यापुढे रस्त्यात लाटांसारखं काहीतरी चाललं होतं. मॅनेजरसाहेब दर सिग्नलला कार्बोरेटर पुसत होते. एका वळणावर धाकट्याची पायरी भिंतीला घासणार असं दिसलं, तेव्हा गाडीच्या टपावरून थोरल्याचा आवाज आला, "अरे, आत घे अंग!"

"दादा, माझ्या बाजूला जागाच नाही!"

"मग दार सोड, गाढवा! दार गेलं खड्ड्यात!"

धाकट्यानं दार सोडलं. ते खरोखरच खड्ड्यात गेलं. तोही सुटला, दाखलाही बहुधा सुटला, पण तपासनीस बघायला नव्हते.

रुग्णालयाच्या फाटकातून आम्ही आत शिरलो. एक दार नसलेली गाडी, पत्र्यावर रुमालवाले गृहस्थ, झाडांतून ओरडणारी बाई, टपाला धरून थरथरणारे दोन भाऊ. पहारेकऱ्यानं शिट्टी मारली आणि दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. रुग्णालय अजून उघडलंही नव्हतं. पहिला पेशंट मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"पेशंट कोण?"

सरळ बसलेल्या आजोबांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

माझं काही एक ऐकून न घेता त्यांनी मला आडवं केलं आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. आडव्या स्थितीत, आकाशाच्या पार्श्वभूमीवर, मला बायकोचा चेहरा दिसला. ती बसनं आमच्या कितीतरी आधी येऊन पोचली होती. मी पट्ट्यातून सुटेपर्यंत हौद्यातली रोपं उतरवून, मोजून, कुठलं कुठे लावायचं हे माळ्यांना सांगूनही तिचं झालं होतं. रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाई तिला विचारत होत्या, "पुढच्या हंगामाचंही तुम्हीच बघाल का?" आणि ती "बघू" म्हणत होती. असं "बघू" मी तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. नकार देण्याची ऐपत असलेल्या माणसाचं ते "बघू" होतं.

आता हिशेब. मॅनेजरसाहेबांचा रुमाल गेला आणि कार्बोरेटर मळला. बाईंचा आवाज बसला. दोघा भावांचा अबोला गेला. त्यांच्याकडे एवढी एकच गोष्ट सामाईक उरली होती. माझी लाज म्हणाल तर ती रुग्णालयाच्या वहीत पहिल्या नंबरवर नोंदलेली आहे. आजोबांचं काही गेलं नाही. पण आम्ही सगळ्यांनी मिळून जे मोजलं त्यात नाणं एकही नव्हतं. त्या दिवशी रोख पैसे फक्त बायकोनं मोजले, बसमध्ये: एक तिकीट स्वतःचं, आणि एक त्या कुंडीचं. कंडक्टरनं रोप दारातल्या, मुलांची उंची मोजायच्या खुणेशी उभं करून मापलं होतं. ते अर्ध्या तिकिटाच्या उंचीपेक्षा वर गेलं, म्हणून त्याचं तिला पूर्ण तिकीट काढावं लागलं.